एक दात कमी: घाट, गिअर आणि मिस्त्री

"मिस्त्री, पुढचा एक दात कमी करून द्या."

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीच्या गॅरेजांत ही मागणी सतत ऐकू येते. मागणारा बहुधा विशी-बाविशीचा असतो. गाडी ड्यूक, आर-१५ किंवा पल्सर असते आणि त्याला 'पिकअप' वाढवून हवा असतो. मिस्त्री सहसा वाद घालत नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूचं झाकण काढतो, नट सैल करतो, पंधरा दातांची गरारी उतरवून चौदा दातांची चढवतो, चेन ताणून देतो. फार वेळ लागत नाही. पोरगा गाडी काढतो, गाडी खरंच आधीपेक्षा जोरात उसळते आणि तो खूश होऊन जातो.

या एका दातामागे मात्र काही शतकांचा इतिहास आहे. विहिरीवरचा रहाट, विजापूरहून आग्ऱ्याकडे गेलेला एक विद्वान, दूरच्या बेटावरची डोंगरी शर्यत, आपला माळशेज घाट आणि वागळे इस्टेटमधली मिलिंग मशीन, सगळे त्यात येतात. आपल्याकडे इतिहास म्हटला की लढाया, तह आणि इमारती समोर येतात. हाताने काम करणाऱ्यांनी जमवलेलं ज्ञान इतिहासात क्वचितच शिरतं. म्हणून आज या दाताचा इतिहास पाहू, आणि त्यातून गाडीच्या आणि गाडी चालवणाऱ्याच्या काय कामाचं आहे तेही पाहू.

एका दाताचा हिशेब

आधी गणित समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. केटीएम ३९० ड्यूकच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दात आहेत, मागच्याला ४५. म्हणजे पुढची गरारी तीन वेळा फिरली की मागचं चाक एकदा फिरतं. गुणोत्तर बरोबर ३. आता पुढे १४ दात लावले, तर ४५ भागिले १४, म्हणजे सुमारे ३.२१. चाकापर्यंत पोहोचणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी वाढली. पण त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांवर, गाडीचा वेग सुमारे सात टक्क्यांनी उतरला. आधी ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत होतं, त्याच वेगाला आता ते सुमारे ६४३० घेणार. आवाज वाढणार, थरथर वाढणार, पेट्रोलही थोडं जास्त जाणार.

इंजिनाची ताकद तेवढीच राहिली. तिची वाटणी फक्त बदलली. हा सौदा आहे: ओढ घ्या, वेग द्या, वेग घ्या, ओढ द्या. दोन्ही एकत्र देणारी गरारी जगात कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही. हे ज्याला कळलं, त्याला गिअरचं अर्धं शास्त्र कळलं. आणि हा सौदा माणसाला मोटरसायकलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

रहाटापासून आग्ऱ्यापर्यंत

वसई आणि अलिबागच्या वाड्यांत जुन्या लोकांनी रहाट पाहिलेला असतो. विहिरीच्या काठावर बैल किंवा रेडा गोल फिरतो. त्याच्या फिरण्याने एक आडवं चाक फिरतं. त्या चाकाच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकतात आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येते. जनावराची सावकाश, आडवी चाल दातांमधून उभ्या फिरण्यात बदलते. 'रहाटगाडगं' हा शब्द आपण संसारासाठी वापरतो, पण मुळात ते एक गिअरचं यंत्र आहे.

भारतात हा दातांचा रहाट केव्हा आला यावर इतिहासकारांत वाद आहे. संस्कृतात 'अरघट्ट' हा शब्द जुना आहे. इरफान हबीब यांनी १९६९ साली भारतीय इतिहास परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात मांडलं, की जुन्या उल्लेखांतून पाणी उपसणारं चाक दिसतं, पण त्याला दातांची जोडणी होती असं सिद्ध होत नाही. दातांच्या जोडणीचं स्पष्ट वर्णन बाबराच्या आत्मचरित्रात सापडतं. लाहोर, दीपालपूर, सरहिंदकडच्या विहिरींवर त्याने असा रहाट पाहिला होता. हबीबांचं मत सगळ्यांना मान्य झालं नाही. तरी एवढं नक्की, की मध्ययुगात हे यंत्र भारताच्या शेतीत खोलवर रुजलं.

इस्लामी जगात दातांच्या चाकांवर बारीक काम झालं. दियारबकरच्या अल-जझारीने १२०६ साली यंत्रांवर ग्रंथ लिहिला. पाणी वर चढवणाऱ्या यंत्रात त्याने अर्धवट दातांचं चाक वापरलं. अशा चाकाने फिरवणं मध्येच सुटतं आणि पुन्हा पकडतं. इस्फहानच्या मुहम्मद इब्न अबी बक्र याने १२२१-२२ मध्ये बनवलेलं एक अस्त्रलाब आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीमागे दातेरी चाकांचं पंचांग बसवलेलं आहे आणि त्यात चंद्राच्या कला दिसतात. पूर्ण अवस्थेत टिकलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या गिअर-यंत्रांत त्याची गणना होते.

आपल्या दख्खनशी थेट संबंध असलेलं नाव फतहुल्लाह शिराझीचं. अली आदिलशहाच्या निमंत्रणावरून तो विजापूरला आला आणि १५८३ मध्ये अकबराच्या दरबारात गेला. बंदुकीच्या सोळा नळ्या एकाच वेळी साफ करणाऱ्या, जनावराने फिरवायच्या एका चक्राची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. अबुल फजलने त्याचं श्रेय बादशहाला दिलं. आजचे अभ्यासक शिराझीकडे बोट दाखवतात. म्हणजे यंत्र करणाऱ्याचं नाव पुसून मालकाचं नाव लागण्याची रीतही जुनीच.

याच्या उलट उदाहरण औरंगाबादच्या पाणचक्कीचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही अठराव्या शतकातली चक्की लांबून आणलेल्या पाण्याच्या झोतावर चालते. झोताने आडवं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावर वरचं जातं फिरतं. मधे दात नाहीत, म्हणून सौदाही नाही. पाण्याचा जोर जेवढा, तेवढाच जात्याचा फेरा. पाणी एकसारखं पडत असेल तर एवढ्याने भागतं. पण वाट चढाची झाली, ओझं बदलत राहिलं, की दात लागतातच.

घाटाने घडवलेला गिअरबॉक्स

मोटरसायकलच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. सुरुवातीच्या बहुतेक गाड्या पट्ट्यावर चालत आणि त्यांना एकच गिअर असे. चढ आला की स्वार खाली उतरून ढकलत असे, किंवा मदतीला सायकलसारखे पेडल मारत असे. चेन उपलब्ध होती. हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये रोलर चेनचं पेटंट घेतलं होतं आणि आजही आपल्या गाडीची चेन त्याच रचनेची आहे. पण मोटरसायकलवाल्यांना पट्टा सोपा आणि मऊ वाटत होता.

चित्र पालटलं १९११ मध्ये. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी शर्यत त्या वर्षी सपाट मार्गावरून डोंगरी मार्गावर नेण्यात आली. सुमारे ६० किलोमीटरचा फेरा, मध्ये स्नेफेल डोंगराचा चढ. मोठ्या गाड्यांच्या गटात पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या 'इंडियन' कंपनीने पटकावले. ऑलिव्हर गॉडफ्री पहिला आला. त्या गाड्यांना चेन होती आणि दोन गिअरचा गिअरबॉक्स होता. एका डोंगराने पट्ट्याचा आणि एक-गिअरच्या गाडीचा काळ संपत आल्याचं दाखवून दिलं.

आपल्या भागाला हे सांगायला नको. कल्याण हे घाटांच्या पायथ्याचं गाव. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. त्या दगडी वाटेवर चाकाला जागा नव्हती. ओझ्याची जनावरं आणि माणसाचे पाय एवढंच साधन. पुढे रेल्वे आली. १८५३ मध्ये ठाणं, १८५४ मध्ये कल्याण, आणि तिथून दोन फाटे: एक बोरघाटाकडे, एक थळघाटाकडे. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट चढून झाला. चढ ३७ फुटांत एक फूट. वाफेच्या इंजिनाला मोटरसायकलसारखा गिअरबॉक्स नसतो, म्हणून रेल्वेने दुसरा मार्ग काढला: जादा इंजिनं लावायची. विजेची इंजिनं आली तरी कसारा आणि कर्जतला गाडीला 'बँकर' जोडण्याची पद्धत राहिली.

मोटरसायकलला बँकर जोडता येत नाही. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढायचा, तर असलेल्या एकाच इंजिनातून ओढ काढायची. ती काढायची जागा म्हणजे दात.

भांडुपच्या लॅम्ब्रेटापासून चाकणच्या ड्यूकपर्यंत

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात दुचाकी मोठ्या संख्येने दिसू लागली ती स्कूटरच्या रूपात. ठाण्याच्या वेशीवर भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५५ पासून लॅम्ब्रेटा जोडायला सुरुवात केली. पुढच्या एलआय मॉडेलमध्ये इंजिनापासून मागच्या चाकाकडे दुहेरी चेन जात असे, तीही बंद पेटीत, तेलात बुडलेली. १९६१ मध्ये मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा गाड्या बाजारात आणल्या. त्याच पुढे येझदी झाल्या. यांचीही मागची चेन पूर्ण झाकलेली होती. गिअरचा पाय दाबला की क्लच आपोआप सुटण्याची सोयही होती. धूळ आणि पावसाच्या देशात झाकलेली चेन हा शहाणपणा होता. आजच्या स्पोर्ट गाड्यांची चेन उघडी असते, दिसायला छान असते, आणि म्हणूनच लवकर झिजते.

त्या काळात गाडीकडून अपेक्षा होती ओझं वाहण्याची. दुधाच्या बरण्या, भाजीच्या टोपल्या, मागे बायको आणि टाकीवर मूल. वेग हा शेवटचा विचार. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी-३५० 'राजदूत ३५०' या नावाने आणली, तेव्हा सहा गिअरची, दोन सिलिंडरची गाडी आपल्या रस्त्यांवर आली. ती पेट्रोल फार पिते ही तक्रार एवढी वाढली, की कंपनीने ताकद कमी केलेली आवृत्तीही काढली. जाणकार आजही 'एचटी' आणि 'एलटी' असा फरक सांगतात. काही वर्षांत गाडी बंद झाली. पण मुंबई-ठाण्याच्या मिस्त्रींच्या एका पिढीला सहा गिअरचा गिअरबॉक्स उघडून पाहायला मिळाला तो तिच्यामुळे.

१९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स-१०० ने हे शिक्षण घरोघरी नेलं. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, चार गिअर, आणि वजनाला हलकी. १९९६ मध्ये ती बंद झाली, तरी तिचा बाजार अजून गरम आहे. पुढे आलेल्या आरएक्सझेडला पाच गिअर होते. मिस्त्रींनी तोच पाच गिअरचा संच आरएक्सच्या इंजिनात बसवायला सुरुवात केली. चार पायऱ्यांचा जिना काढून तेवढ्याच उंचीवर पाच पायऱ्या केल्या, तर प्रत्येक पायरी लहान होते आणि चढताना दम लागत नाही. पाच गिअरचा फायदा तोच: गिअर बदलताना इंजिनाचे फेरे फार पडत नाहीत.

नंतर धुराचे निकष कडक झाले आणि टू-स्ट्रोक गाड्या मागे पडल्या. २००१ मध्ये पल्सर आली, २००८ मध्ये पाण्याने थंड होणारी सहा गिअरची आर-१५, २०१२ मध्ये चाकणला तयार झालेली २०० ड्यूक आणि पुढच्याच वर्षी ३९० ड्यूक. एकेकाळी शर्यतीच्या मैदानावर दिसणारी यंत्रं मुंब्र्याच्या आणि डोंबिवलीच्या गल्लीत हप्त्यावर उभी राहिली.

दात कापणारी माणसं

या गाड्या दुरुस्त करणारी माणसं कुठून आली? १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक, मागोमाग डोंबिवली आणि अंबरनाथ. या वसाहतींनी लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग करणारे हजारो हात तयार केले. मुंब्र्याच्या कौसा-शीळ रस्त्यावर तर भारत गिअर्सचा कारखाना आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी ट्रॅक्टर आणि ट्रकचे गिअर बनवते. मुंब्रा म्हटलं की बातम्यांत काय काय येतं ते आपण जाणतो. मुंब्र्यात गिअर बनतात हे त्या बातम्यांत येत नाही.

पलीकडे भिवंडी. तिथल्या यंत्रमागावर कापड गुंडाळणाऱ्या भागात दातेरी चाकांची साखळी असते. तिच्यातलं एक चाक बदललं की इंचात किती आडवे धागे बसणार ते बदलतं. मागावरचा जॉबर कुठल्या कापडाला किती दातांचं चाक लागतं हे तोंडी सांगतो. एक दात बदलला की माल बदलतो, भाव बदलतो. हे ज्या घरांत रोजचं बोलणं आहे, त्या घरातल्या मुलाला स्प्रॉकेटचं गणित नव्याने शिकवावं लागत नाही.

दात कापण्याचं कामही पाहण्यासारखं आहे. मिलिंग मशीनवर 'डिव्हायडिंग हेड' नावाचं उपकरण असतं. त्याचं हँडल ४० वेळा फिरवलं की समोरचं चाक एकदा फिरतं. ४५ दात कापायचे, तर प्रत्येक दातामागे ४० भागिले ४५, म्हणजे आठ-नवमांश फेरा. म्हणून १८ भोकांचं वर्तुळ घ्यायचं आणि दर वेळी १६ भोकं पुढे जायचं. १४ दातांसाठी दोन पूर्ण फेरे आणि २१ भोकांच्या वर्तुळावर १८ भोकं. एक भोक चुकलं की चकती भंगारात. कॉलेजचं तोंड न पाहिलेला कारागीर हा अपूर्णांकांचा हिशेब बोटांवर करतो. त्याला आपण 'अशिक्षित' म्हणतो!

सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिम कामगार कोणत्या धंद्यांत जास्त आहेत ते मांडलं. वाहन दुरुस्ती त्यातली एक. कारण उघड आहे: या धंद्यात शिरायला ओळखपत्र किंवा शिफारस लागत नाही, उस्ताद लागतो. दहा-बारा वर्षांचा पोरगा पाने पुसायला येतो, चार वर्षांनी क्लचप्लेट बदलतो, आठ वर्षांनी इंजिन उघडतो. या पद्धतीने पोटं भरली. पण शाळाही सुटली आणि ज्ञान कागदावर आलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आधी निगा, मग बदल

जाणता उस्ताद एक दात कमी करायच्या आधी गाडी स्टँडवर घेतो आणि मागचं चाक हाताने फिरवतो. अनेकदा 'पिकअप गेला' ही तक्रार दातांची नसतेच.

पहिली तपासणी चेनची. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन लांबलेली आहे. दातांकडे पाहा. नवा दात दोन्ही बाजूंना सारखा असतो, झिजलेला दात एका बाजूला वाकून वाघनखासारखा दिसतो. चेन, पुढची गरारी आणि मागची चकती हा एकच संच आहे, बदलायचा तर तिन्ही एकत्र. जुन्या दातांवर नवी चेन घातली की ती काही महिन्यांत जुन्यासारखी होते. पैसे वाचवायला गेलं की दुप्पट जातात ते असे.

दुसरी गोष्ट सफाईची. स्पोर्ट गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्याला रबराची बारीक कडी असते. तिच्यामुळे आतलं ग्रीस टिकतं. पेट्रोलने आणि तारेच्या ब्रशने ती कडी खराब होते. रॉकेलने किंवा चेन क्लीनरने, मऊ ब्रशने साफ करा, कोरडी करा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने लावा. आपल्याकडच्या पावसात, शीळफाट्याच्या चिखलात, हे काम दर पाचशे किलोमीटरला करावं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फडक्याने चेन पुसू नका. या सवयीने बोटं गेलेली माणसं गॅरेजांत भेटतात.

तिसरी गोष्ट ढिलाई. चेन फार ताणली की गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो, फार ढिली सोडली की ती उतरते आणि चाक जाम होऊ शकतं. किती खेळ ठेवायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं. मोजताना चाक फिरवून चेन सर्वांत घट्ट जिथे आहे तिथे मोजा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा.

चौथी गोष्ट तेल. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच तेलात असतात. कारचं गुळगुळीत तेल घातलं तर क्लच घसरतो, आवाज वाढतो आणि गाडी पुढे जात नाही. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' लिहिलेलं तेल घ्या.

पाचवी गोष्ट गिअर सटकण्याची. गिअरबॉक्समधली चाकं एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. आपण पाय मारतो तेव्हा चाकांच्या बाजूला असलेले जाड खुंट एकमेकांत शिरतात. अर्धवट पाय मारण्याच्या सवयीने या खुंटांचे कोपरे गोल होतात आणि जोर दिला की गिअर निसटतो. याला इलाज बाहेरून नाही. इंजिन उघडून चाकं बदलावी लागतात.

हे सगळं ठीक असेल तर मग दातांचा विचार करा. पुढचा एक दात कमी करणं आणि मागे तीन वाढवणं जवळपास सारखंच: १४-४५ चं गुणोत्तर ३.२१, १५-४८ चं ३.२. फरक असा, की पुढचा दात कमी केला तर चाक साधारण चार मिलिमीटर मागे घ्यावं लागतं आणि जुनी चेन चालते. मागे तीन दात वाढवले तर चाक सुमारे बारा मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं, आणि तेवढी जागा नसेल तर चेन लांब लागते. उलट, पुढची गरारी लहान झाली की चेन जास्त वाकते आणि दोघांची झीज वाढते. रोज ठाण्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्याला, किंवा मागे माणूस बसवून वारंवार घाट चढणाऱ्याला, एक दात कमी फायद्याचा ठरतो. नाशिक महामार्गावर लांब जाणाऱ्याला तो त्रासाचा. बाजारात स्वस्त चकत्या मिळतात, पण त्यांच्या पोलादाला नीट पाणी दिलेलं नसतं. महिन्याभरात दात खाल्ले जातात.

बायपासवरचा प्रश्न

आता कठीण विषय. दातांचं हे ज्ञान मुंब्रा बायपासवर आणि घोडबंदर रस्त्यावर रात्री शर्यती लावणाऱ्या पोरांच्याही हाती आहे. पुढचं चाक हवेत उचलण्यासाठी मागे ताटाएवढी चकती लावतात. अशा गाडीला ओढ इतकी असते, की थ्रॉटल थोडा जास्त फिरला तरी गाडी स्वाराच्या हाताबाहेर जाते. ब्रेक, टायर आणि माणसाची समज तेवढीच राहते. पोरगा गेला की घरात काय उरतं ते आपल्या वस्त्यांनी जनाज्यामागे चालताना पाहिलेलं आहे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. रस्त्यावरची शर्यत कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. म्हणून मिस्त्रीने आणि मालकाने कंपनीच्या आकड्यांजवळ राहणं, आणि काही बदलायचं तर आधी नियम विचारून घेणं, हाच सुरक्षित रस्ता.

इथे मिस्त्रीची जबाबदारी येते. सांगितलं ते करून दिलं, पैसे घेतले, एवढ्यावर उस्तादी संपत नाही. गाडी कशाला हवी, कोण चालवणार, हे विचारून कधी 'नाही' म्हणणं हाही कसबाचा भाग आहे. असे 'नाही' म्हणणारे उस्ताद आपल्याकडे आहेत. त्यांचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हा तोटा ते सोसतात. समाज म्हणून आपण त्यांच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे.

दुसरं संकट शांतपणे येतं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. इंजिनात सेन्सर वाढले, दोष शोधायला स्कॅनर लागतो. विजेच्या अनेक दुचाक्यांत तर गिअरबॉक्सच नाही. ज्या उस्तादांच्या कानांना गिअरचा आवाज ऐकून रोग कळतो, त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात बसली आहेत. चेन आणि चकती अजून काही वर्षं राहतील, पण ज्ञान माणसाबरोबर निघून जाईल.

हबीबांना रहाटाचा इतिहास लिहिताना जुन्या शब्दांतून आणि चित्रांतून दात शोधावे लागले, कारण रहाट बनवणाऱ्या सुताराने काही लिहून ठेवलं नव्हतं. आपल्या बाबतीत एवढी ओढाताण व्हायला नको. अनेक गॅरेजांत तेलकट डागांची एक वही असते. तिच्यात कुठल्या गाडीला किती दात लावले, चेनचे दुवे किती, गिऱ्हाइकाने परत येऊन काय सांगितलं, असं काही खरडलेलं असतं. तुमच्या घरात, मोहल्ल्यात अशी वही असेल तर तिचे फोटो काढून ठेवा. वही नसेल तर उस्तादासमोर बसून तीन गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: पहिली गाडी कुठली उघडली, कोणाकडे शिकलात, आणि कुठल्या गाडीचे किती दात बदललेत. ठाणे-कल्याणच्या या पट्ट्याचा इतिहास उद्या लिहिणाऱ्याला ही पानं लागतील.